पापा आणि चार्ली : कॅरल पितापुत्रांचा पत्रव्यवहार

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्या ५६ जणांनी सह्या केल्या, त्यांत कॅथोलिक गृहस्थ एकच होते. 'कॅरलटनचे चार्ल्स कॅरल' अशी त्यांची सही आहे. ह्या सहीविषयी एक आख्यायिका सांगतात. सही करताना कोणीतरी म्हणाले की, मेरीलँडमध्ये चार्ल्स कॅरल पुष्कळ आहेत, नेमके कोणाला फासावर चढवावे हे राजाला कळणार नाही. त्यावर ह्या बाणेदार गृहस्थांनी लेखणी उचलून पुढे 'कॅरलटनचे' हा शब्द जोडला. गोष्ट ऐकायला गोड आहे, पण खरी नाही. १७६५ पासूनच ते आपल्या पत्रांखाली अशी सही करीत होते आणि तिचे कारण अगदी घरगुती होते. वडिलांचे नाव चार्ल्स, आजोबांचे नाव चार्ल्स, भाऊबंदांतही चार्ल्स. वेगळेपणा दाखवायचा तर गावाचे वा मळ्याचे नाव जोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. पराक्रमाच्या कथा अशा एका साध्या पत्राने कोलमडतात, आणि जुनी पत्रे वाचण्यात आम्हांला जो आनंद वाटतो त्यातला काही अंश ह्या कोलमडण्यात आहे, हे कबूल केले पाहिजे.

ह्या कॅरल पितापुत्रांचा पत्रव्यवहार रोनाल्ड हॉफमन आणि त्यांच्या सहकारी संपादकांनी २००१ साली तीन जाडजूड खंडांत प्रसिद्ध केला. ग्रंथाचे नाव 'डिअर पापा, डिअर चार्ली'. त्याखालचे उपशीर्षक जुन्या धाटणीचे, लांबलचक आणि किंचित खट्याळ आहे: अनौरस संतती, मुलांचे संगोपन, प्रेम, विवाह, व्यापार, तंबाखू, गुलामगिरी आणि राजकारण असे सगळे विषय त्यात ओळीने मांडले आहेत. संपादकांनी वाचकाला फसवलेले नाही. पत्रांत खरोखरच हे सर्व आहे, आणि त्याच क्रमाने नसले तरी एकाच पानावर पुष्कळदा आहे. टीपांचा भार मात्र थोडा जड झाला आहे. कोणत्या जहाजाचा कप्तान कोण, ह्याची चौकशी संपेपर्यंत पत्रातला जिव्हाळा थंडावतो.

घराण्याची हकीकत थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. मेरीलँड ही वसाहत १६३४ साली लॉर्ड बाल्टिमोर ह्या कॅथोलिक उमरावाच्या घराण्याने वसवली. कायद्याचे शिक्षण घेतलेले आयरिश आजोबा कॅरल १६८८ साली वसाहतीचे मुख्य सरकारी वकील म्हणून तेथे आले. दुसऱ्याच वर्षी प्रॉटेस्टंटांनी उठाव करून सत्ता घेतली आणि त्यांची जागा गेली. पुढे कॅथोलिकांवर एकामागून एक निर्बंध आले. १७०४ साली उघड उपासनेला बंदी झाली आणि पवित्र मिस्सा घरातल्या खाजगी प्रार्थनालयापुरती उरली. १७१८ साली मतदानाचा हक्क गेला. सरकारी अधिकारपदे आणि वकिली ह्यांची दारे बंद झाली. १७५६ साली कॅथोलिकांच्या जमिनींवर दुप्पट कर बसला. मात्र जमीन खरेदी करणे, तंबाखू पिकवणे आणि व्याजाने पैसे देणे हे मार्ग मोकळे राहिले. कॅरल कुटुंबाने ह्या तिन्ही मार्गांवर असा नेट लावला की, हक्क नसलेले हे घर वसाहतीतल्या सर्वांत श्रीमंत घरांपैकी एक झाले. पत्रांत 'पापा' आहेत ते दुसरे चार्ल्स, अ‍ॅनापोलिसचे, जन्म १७०२. 'चार्ली' हा तिसरा, जन्म १७३७.

१७४८ साली चार्ली जेमतेम अकरा वर्षांचा असताना त्याला समुद्रापार फ्लँडर्समधील सेंट ओमेर येथे येशूसंघीयांच्या विद्यालयात धाडण्यात आले. बरोबर नात्यातला जॉन कॅरल होता, जो पुढे अमेरिकेचा पहिला कॅथोलिक बिशप झाला. इंग्लंडमध्ये कॅथोलिक शिक्षणाला मज्जाव असल्यामुळे तेथील कुटुंबे आपली मुले अशी चोरवाटेने युरोपात पाठवीत. (त्याच छळाच्या काळात मायदेश सोडून रोमला गेलेले आणि तेथून १५७९ साली गोव्यास आलेले एक इंग्रज येशूसंघीय म्हणजे आपले ख्रिस्तपुराणकर्ते फादर थॉमस स्टीफन्स, हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच.) सेंट ओमेरनंतर रँस, मग पॅरिस, बूर्जमध्ये रोमन कायदा आणि अखेरीस लंडनमध्ये इंग्रजी कायदा असे चार्लीचे शिक्षण झाले. तो घरी परतला १७६५ च्या आरंभी. दरम्यान सोळा वर्षे लोटली होती.

ह्या सोळा वर्षांतली पापांची पत्रे हा ग्रंथाचा पहिला मोठा भाग. बोर्डिंगात मूल ठेवलेल्या कोणाही आईबापांनी ती वाचावीत. काही ठिकाणी हसू येईल, काही ठिकाणी अंगावर काटा येईल. अक्षर सुधार. वेळ वाया घालवू नकोस. हिशेबाची इटालियन पद्धत शिकून घे, जमीन मोजायला शीक, नाचणे आणि तलवारबाजीही शीक, कारण सभ्य गृहस्थाला ती लागतात. आणि सर्वांवर कायदा. चार्लीला इंग्रजी कायद्याचे ते रुक्ष ग्रंथ मनापासून नकोसे वाटत आणि तो तसे लिहितोही. पापांचे उत्तर ठरलेले असे: ज्याच्यापाशी मालमत्ता आहे पण राज्यकर्ते ज्याच्या बाजूचे नाहीत, त्याला कायदा स्वतःच कळला पाहिजे. न्यायालयात ज्याला उभे राहता येणार नाही असा वकील घडवायचा, ही त्यामागची विचित्र पण चतुर योजना होती.

युद्धाच्या दिवसांत जहाजे लुटली जात, म्हणून महत्त्वाचे पत्र एकापेक्षा अधिक जहाजांनी पाठवले जाई. प्रश्न विचारल्यापासून उत्तर हाती येईपर्यंत अर्धे वर्ष जाई. एवढ्या अंतरावरूनही पापांची पकड ढिली होत नाही, आणि तिचे एक कारण पत्रांत उघड बोलले जात नाही, पण संपादकांनी ते नीट उलगडले आहे. चार्लीचे आईवडील विवाहित नव्हते. एलिझाबेथ ब्रूक पापांच्या घरात पत्नीसारख्या राहत होत्या, पण विवाह झाला तो १७५७ साली, मुलगा एकोणीस वर्षांचा असताना. तोवर चार्ली कायद्याने वारस नव्हता. तो लायक ठरला तरच वारसा त्याला द्यायचा, ही पापांची अट, असे हॉफमन सुचवतात आणि पत्रे वाचताना ते पटते. प्रेम आहे, पण त्याला तारण लागते. सावकारी हा ज्यांचा एक व्यवसाय होता त्यांनी मुलाशीही थोडा तोच व्यवहार केला, असे म्हणण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

ह्या व्यवहारात भरडली गेली ती आई. तिची पत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. अकराव्या वर्षी निरोप दिलेल्या मुलाला तिने पुन्हा पाहिले नाही. १७६१ च्या मार्चमध्ये ती वारली. तिच्या मृत्यूची वार्ता लंडनला पोचेपर्यंत ऋतू बदलला होता. चार्लीने त्यानंतर वडिलांना लिहिलेले पत्र हा ग्रंथातला असा भाग आहे की, जेथे त्याची ती रेखीव, लॅटिन वळणाची शैली एकदम तुटते. पापांचे भाष्य ह्यापेक्षा संयमी आहे, आणि त्यांनी मुलाला तरीही लगेच बोलावून घेतले नाही. कायद्याचा अभ्यास पुरा व्हायचा होता.

आता ज्या पत्रामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो. १७६४ च्या जानेवारीत पापांनी चार्लीला आपल्या एकूण मालमत्तेचा गोषवारा लिहून पाठवला. ४०,००० एकर जमीन, किंमत ४०,००० पौंड. लोखंडाच्या कारखान्यात पाचवा हिस्सा, १०,००० पौंड. अ‍ॅनापोलिसमधील वीस भूखंड व त्यांवरील घरे, ४,००० पौंड. वेगवेगळ्या मळ्यांवरील २८५ गुलाम, सरासरी प्रत्येकी ३० पौंडांप्रमाणे ८,५५० पौंड. गुरेढोरे, घोडे आणि अवजारे १,००० पौंड. घरातील चांदीची भांडी ६०० पौंड. व्याजाने दिलेल्या रकमा २४,००० पौंडांहून थोड्या अधिक. एकूण ८८,३८० पौंड आणि वर काही शिलिंग. कारखान्याच्या मालकीचे आणखी १५० गुलाम आहेत, त्यांची वेगळी ओळ नाही. ते पाचव्या हिश्श्याच्या किमतीतच आले.

आम्ही ही बेरीज कागदावर मांडून पाहिली. चूक नाही. घरे आणि गुरे ह्यांच्या मधोमध माणसे, आणि त्यांच्यानंतर चांदीची भांडी. पापांच्या लेखणीला येथे अडखळल्याची एकही खूण नाही, आणि ह्या न अडखळण्यानेच आम्ही अस्वस्थ झालो. क्रौर्याचे वर्णन असते तर वाचक निदान सावध झाला असता. येथे एक भक्तिमान, कष्टाळू, हिशेबी पिता आपल्या लाडक्या मुलाला प्रेमाने पत्र लिहीत आहे.

कोणी म्हणेल, काळच तसा होता. आम्ही हा युक्तिवाद धुडकावून लावीत नाही. पण ह्या घराण्याच्या बाबतीत तो पुरा पडत नाही, कारण हिसकावून घेतले जाणे म्हणजे काय ते ह्या घराला ठाऊक होते. आयर्लंडमध्ये ओ'कॅरल हे आपल्या मुलखाचे धनी होते. इंग्रजी विजयांनी त्यांची भूमी गेली, आणि पापांना त्या जखमेचा विसर पडला नव्हता. त्यांनी ओ'कॅरलांची वंशावळ जपून ठेवली, मुलाला तिची ओळख करून दिली, मेरीलँडमधल्या आपल्या १०,००० एकरांच्या मळ्याला 'डूहोरॅगन' हे आयरिश नाव राखले. आपले पूर्वज कोण होते हे मुलाने विसरू नये, ही त्यांची तळमळ पत्रांतून सारखी जाणवते.

आणि ह्याच पापांच्या कारभारात १७७३ च्या डिसेंबरमध्ये आणखी एक यादी तयार झाली: डूहोरॅगन मळ्यावरील गुलामांची, कुटुंबवार, वयांसहित. आजी, तिच्या मुली, मुलींची मुले असे गट त्यात आहेत. यादीचा हेतू वंशावळीचा नव्हता, मालाची मोजदाद हा होता. पण पुढच्या इतिहासकारांनी तिच्यावरूनच त्या माणसांची नातीगोती जुळवली, कोणाचा मुलगा शेजारच्या वस्तीवर कामाला होता, कोणती आजी नातवंडांच्या गराड्यात म्हातारी झाली, हे शोधून काढले. एका घरात दोन वंशावळी लिहिल्या जात होत्या, आणि त्यांतली एकच वंशावळ आहे असे घरमालकाला वाटत होते. ह्या तीन खंडांतले ह्याहून बोलके दुसरे काही आम्हांला सापडले नाही.

चार्ली परतल्यानंतरची पत्रे रोजच्या व्यवहाराची आहेत. पापा बहुतेक काळ डूहोरॅगनवर, चार्ली अ‍ॅनापोलिसच्या घरी. मध्ये घोड्यावरून एका दिवसाची वाट. दर आठवड्याला पत्रे जात-येत असत, आणि ती नेणारे हात पुष्कळदा गुलामांचेच असत. काय नाही ह्या पत्रांत? गव्हाला आलेला भाव, सफरचंदाची मदिरा, नव्याने लावलेला द्राक्षमळा, पापांचे दुखणे, कोणत्या कुळाने खंड थकवला. १७६८ साली चार्लीने आपल्याच नात्यातल्या मॉली डार्नलशी विवाह केला. तिच्या सात बाळंतपणांपैकी तीनच मुले जगली. नातवंडांचे दात, ताप आणि पहिली पावले ह्यांविषयी पापा लिहितात तेव्हा सोळा वर्षे मुलाला दूर ठेवणारा तो कठोर माणूस हाच का, असा प्रश्न पडतो. मॉलीची प्रकृती ढासळत गेली आणि अफूच्या अर्काची सवय जडली, हेही पत्रांत झाकलेले नाही. गुलाम आजारी पडला तर त्याला काय औषध दिले हे येते, चुकला तर त्याला काय शिक्षा झाली हेही येते. दोन्हींचा स्वर एकच.

१७७३ च्या लेखी वादाबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो भाग इतिहासाच्या पुस्तकांतून बऱ्याच वाचकांना माहीत असतो. राज्यपालांनी सरकारी अधिकाऱ्यांचे शुल्क विधानसभेला डावलून ठरवले आणि डॅनियल ड्युलानी ह्या नामांकित वकिलांनी टोपणनावाने त्याचे समर्थन केले. तेव्हा चार्लीने 'फर्स्ट सिटिझन' म्हणजे 'पहिला नागरिक' ह्या नावाने 'मेरीलँड गॅझेट'मध्ये उत्तरे दिली. ज्याला मताचाही हक्क नाही त्याने हे नाव घ्यावे, ही त्यातली खोच. ड्युलानींनी प्रतिपक्षाचा धर्म काढला, आणि लोक चार्लीच्या बाजूने गेले. पापांनी युक्तिवाद पुरवले, उत्तेजन दिले, आणि आयुष्यभर न दिलेली शाबासकी त्या वर्षी दिली.

आम्हांला अधिक मोलाचा वाटतो तो १७७७ नंतरचा कलह. युद्धासाठी छापलेले कागदी चलन मेरीलँडने कर्जफेडीस ग्राह्य ठरवले. पापांनी खणखणीत नाणे कर्जाऊ दिले होते. आता ऋणको त्यांना घसरलेल्या किमतीचे कागद देऊन मोकळे होणार होते. पापा खवळले. विधिमंडळात बसलेल्या मुलाला त्यांनी एकापाठोपाठ एक पत्रे लिहिली: हा दरोडा आहे, न्यायाचा खून आहे, ह्यास मान तुकवणारा स्वतः दोषी आहे. हा कायदा योग्य आहे असे चार्लीलाही वाटत नव्हते. पण त्याने वडिलांना समजावले की, मोठ्या क्रांतीत काही अन्याय होतातच, आणि काही भाग गमावून बाकीचे राखता आले तर तो सौदा वाईट नाही. बाप तत्त्वाचा, लेक व्यवहाराचा. चाळिशीतल्या मुलाने पापांना इतक्या ठामपणे उत्तर देण्याचे प्रसंग ह्या ग्रंथात फार नाहीत.

कोण बरोबर? व्यवहाराच्या दृष्टीने चार्ली बरोबर होता, असे आमचे मत. पण वाङ्मयीन दृष्ट्या पापांची ही पत्रे अधिक सरस आहेत. म्हाताऱ्याचा संताप खरा आहे, वाक्ये आखूड आहेत, आणि 'न्याय' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. कष्टाने मिळवलेले दुसऱ्याने मोबदल्याविना घ्यावे ह्यासारखे पाप नाही, असा त्यांचा सारा सूर. हे ज्या टेबलावर लिहिले जात होते त्यावरच १७७३ ची ती यादी पडलेली असेल, हा विचार पाने उलटताना मनातून जात नाही. पापांना ढोंगी म्हणण्यास मात्र आम्ही तयार नाही. ढोंग्याला आपण काय झाकतो ते ठाऊक असते. पापांची नजर हिशेबाच्या वहीत तीक्ष्ण होती आणि धर्माच्या छळापुढे ताठ होती; त्या एका दिशेला ती वळलीच नाही, आणि वळव असे सांगणारे त्यांच्या अंगणात कोणी आलेले दिसत नाही. मळ्यावरच्या प्रार्थनालयात मिस्सा अर्पण करणारे येशूसंघीय धर्मगुरूही मेरीलँडमध्ये स्वतः मळेमालक आणि गुलामांचे धनीच होते. १८३८ साली त्यांनी २७२ माणसे दक्षिणेत विकली. बिशप जॉन कॅरल ह्यांनी स्थापलेल्या जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज त्या पैशातून फिटले. ह्याबद्दल विद्यापीठाने आणि येशूसंघाने त्या माणसांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली ती २०१७ साली.

चार्लीची नजर थोडी वळली, हे नोंदवले पाहिजे. १७९७ साली त्याने मेरीलँडच्या सेनेटमध्ये गुलामगिरी हळूहळू संपवण्याचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. १८२० साली एका पत्रात गुलामगिरी ही मोठी अनिष्ट गोष्ट असल्याचे सर्वांनाच मान्य आहे, असे त्याने लिहिले. मात्र आपल्या मळ्यांवरच्या बहुसंख्य माणसांना त्याने मुक्त केले नाही. पापांना न दिसलेले त्याला दिसले होते, आणि म्हणून आम्ही त्याला पापांहून अधिक सवलत देऊ शकत नाही. त्याच्या चरित्रकारांनी ती सढळ हाताने दिली आहे.

तिन्ही खंड सलग वाचणे कठीण आहे. ज्यांना सवड कमी आहे त्यांनी पहिल्या खंडातील शाळेच्या दिवसांची पत्रे, १७६४ चा तो गोषवारा आणि कागदी चलनाचा वाद एवढे तरी वाचावे. ग्रंथ १७८२ पाशी थांबतो. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस पापा अ‍ॅनापोलिसच्या घराच्या ओसरीवरून पडून वारले. तो आघात मॉलीला सोसवला नाही आणि दोन आठवड्यांच्या आत तीही गेली. चार्ली त्यानंतर पन्नास वर्षे जगला, जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत सर्वांत शेवटी, १८३२ साली, ९५ व्या वर्षी वारला. त्या पन्नास वर्षांतलीही त्याची पत्रे आहेत. ती मुलांना, जावयांना, नातवंडांना लिहिलेली आहेत, आणि त्यांत आता उपदेश करणारा तो आहे.